कोळशाच्या गावात विजेची मोटार

राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात असलं, तरी इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून निजामाचा काळ डोकावतो. हा तालुका मुळात हैद्राबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो तिकडून निघाला, मधली तीन वर्षं नांदेडला जोडलेला राहिला आणि १९५९ साली आमच्या चांदा जिल्ह्यात आला. त्यामुळे बाजारात मराठीच्या जोडीने तेलुगूही कानावर पडते. वर कापसाची काळी जमीन आणि पोटात दगडी कोळसा, असा हा मुलूख. सास्ती, गोवरी, पोवनी ह्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आमच्या अगदी उशाशी. गडचांदूरकडे गेलं की सिमेंटचे कारखाने, आणि वर्धा नदी ओलांडून पलीकडे गेलं की बल्लारपूरची कागद गिरणी.

अशा ह्या कोळशाच्या गावात आमच्या घरी २०२४ च्या डिसेंबरात विजेवरची मोटार आली. हौसेपोटी नाही हं, मैत्रिणींनो. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चंद्रपूरला न्यावं लागतं. जाऊन-येऊन साठ किलोमीटर. आमचे हे सकाळीच कारखान्याच्या बसने जातात, म्हणजे नेणारी मी. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा ते दोन दिवस मोकळे ठेवता येतात. वर्षभर भाड्याची गाडी केली. दर खेपेला बाराशे रुपये, शिवाय सुई काढायला उशीर झाला की ड्रायव्हरचं तोंड वाकडं. महिन्याच्या आठ-नऊ खेपा म्हणजे दहा हजार रुपये नुसते जाण्यायेण्याचे! शेवटी मी पेढीवरच्या पैशाला हात घातला आणि गाडी चालवायला शिकले.

आता रस्त्याचं सांगते. सकाळी सहाला निघावं लागतं. त्या वेळी खाणीची पाळी बदलत असते, टोप्या घातलेली माणसं मोटारसायकलवरून परतत असतात आणि ताडपत्र्या ओढलेले कोळशाचे ट्रक रांगेने उभे असतात. मग वर्धा नदीचा पूल. हिवाळ्यात इथे धुकं आणि धूळ एकमेकांत अशी मिसळलेली असते की नदी दिसत नाही, नुसती गार हवा लागते. पुढे बामणीचा फाटा, बल्लारपूर, विसापूर, की आलंच चंद्रपूर. गाडीला आवाज नसल्यामुळे सासूबाई बामणीच्या आतच झोपतात. मला मात्र जागं राहून हॉर्न वाजवावा लागतो, कारण सायकलवाल्यांना मागे मोटार आहे हे कळतच नाही. एकदा एक म्हातारबाबा दचकून म्हणाले, "काय जी बाई, गाडी हाय का भूत?"

विजेची गाडी म्हटली की बायका पहिला प्रश्न विचारतात, "बिल किती येतं गं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पुरुषमाणसं एका भरण्यात किती किलोमीटर जाते ते विचारतात, पण विजेचं बिल घरात वाचतं कोण? आपणच. म्हणून आकडे जरा सविस्तर देते.

आमची गाडी लहान आहे, तिची बॅटरी २४ युनिटची. बॅटरीच्या भाषेत किलोवॅट-अवर म्हणतात, पण आपल्या मीटरवरचं एक युनिट म्हणजेच ते. मीटरवर मोजलं तर एका युनिटात गाडी सुमारे सात किलोमीटर जाते. भरताना थोडी वीज वाया जाते, तीही ह्यात धरली आहे. चंद्रपूरची एक खेप म्हणजे साडेआठ-नऊ युनिटं. घरच्या पॉवर प्लगवर तासाला तीनेक युनिटं भरतात, म्हणजे रात्री दहाला लावली की एकच्या सुमाराला दिवसभराचा खर्च भरून निघतो. इकडची तिकडची फिरणी धरून आमची गाडी महिन्याला सातशे किलोमीटर चालते. म्हणजे शंभर युनिटं.

आता ही शंभर युनिटं कुठल्या भावाने पडतात, ही खरी गंमत आहे. महावितरणचे घरगुती दर पायऱ्यांचे. २०२४-२५ साली पहिल्या शंभर युनिटांना वहन आकार धरून ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १५ रुपये ७२ पैसे आणि पाचशेच्या वर १७ रुपये ८१ पैसे असा दर होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. शेजारच्या वहिनींनी घाबरवलं होतं की तीनशे ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा भाव लागतो. तसं नसतं. वरचा भाव फक्त वरच्या युनिटांना. पण गाडीची युनिटं ही नेहमी घराच्या युनिटांच्या डोक्यावर जाऊन बसतात, हे लक्षात ठेवावं. "विजेचा भाव सहा रुपये, सातशे किलोमीटरला सहाशे रुपये" असं विकणारे सांगतात, ते गाडी एकटीच घरात राहते असं धरून.

जानेवारीत आमच्या घराची १८० युनिटं होती. त्यावर गाडीची शंभर, एकूण २८०. म्हणजे गाडीची सगळी युनिटं ११ रुपये ४६ पैशांच्या पायरीवर, शुल्कासकट १,३२९ रुपये. मे महिन्यात मात्र चित्र पालटलं. आमच्याकडे मे म्हणजे ४६-४७ अंश. दोन कूलर रात्रंदिवस चालू, पाण्याची मोटर जास्त वेळ, फ्रीज कण्हतोय. घराचीच ३४० युनिटं झाली. मग गाडीची शंभर युनिटं तिसऱ्या पायरीवर चढली आणि तेवढ्याच प्रवासाला १,८२३ रुपये पडले. तीच गाडी, तोच रस्ता, पण पाचशे रुपयांचा फरक कूलरने केला! इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो ह्यात धरलेला नाही. दरही बदलत असतात, तेव्हा तुम्ही हिशेब कराल तर आपल्या ताज्या बिलातला दर घ्या.

पेट्रोलची गाडी असती तर लिटरला अठरा किलोमीटर आणि एकशे पाच रुपये भाव धरून सातशे किलोमीटरला चार हजार ऐंशी रुपये लागले असते. म्हणजे उन्हाळ्यातही निम्म्याहून कमीत काम होतं. पण गाडी घेताना पेट्रोलच्या त्याच आकाराच्या गाडीपेक्षा आम्ही दोन लाख जास्त मोजले होते. महिन्याला अडीच हजार वाचले तर ते दोन लाख फिटायला पावणेसात वर्षं लागतील. बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची आहे. नुसता पेट्रोलशी हिशेब मांडला तर हा व्यवहार काठावरचा आहे, हे मी स्पष्टच सांगते. ज्यांची गाडी महिन्याला दीड हजार किलोमीटर चालते त्यांनी खुशाल घ्यावी. ज्यांची आठवड्याला देवळापर्यंत जाते त्यांनी घेऊ नये. आमचा हिशेब भाड्याच्या गाडीशी होता, म्हणून जमला.

घरात प्लग कुठला आणि कसा, ह्यावर मात्र काटकसर करू नका. गाडीला मीटरपासून स्वतंत्र तार हवी, तांब्याची, चार चौरस मिलिमीटरची. वेगळा एमसीबी हवा. १६ अँपिअरचा चांगला प्लग हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावणं म्हणजे इस्त्री पाच-सहा तास अखंड चालू ठेवण्यापेक्षाही वाईट. तारा आतून तापतात आणि आपण झोपलेले असतो. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो तो पाहा. गाडीचा चार्जर तीन किलोवॅटच्या वर घेतो. त्याच वेळी गीझर, कूलर, पाण्याची मोटर चालणार असेल तर भार वाढवून घ्यावा लागतो. गाडी घरच्याच जोडणीवर भरायला हरकत नसते. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ग्राहक हक्काच्या नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणे गाडीसाठी वेगळी जोडणीही मागता येते. गाडी भरण्याच्या जोडणीला पायऱ्या नसतात, पण स्थिर आकार वेगळा पडतो. आमच्या शंभर युनिटांना ते परवडेना, म्हणून आम्ही घरच्याच मीटरवर राहिलो.

आणि अर्थिंग! एप्रिलमधल्या एका सोमवारी रात्री गाडी लावली तर चार्जरवर लाल दिवा. दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिस. बॅटरीत वीस टक्के. वायरमनला फोन केला, तो बिचारा जेवणावरून उठून आला. मीटरजवळ बसून तपासलं आणि म्हणाला, "वैनी, अर्थिंग मेली हाय. उन्हाळ्यात माती ओली नाही राहत, तं करंट जाईन कुठं?" काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यातला ओलावा गेला की अर्थिंगची कांडी नुसती हवेत उभी असल्यासारखी. मिक्सर, फ्रीज चालतच राहतात, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. ही गाडी मात्र अर्थिंग नसेल तर वीज घ्यायलाच तयार होत नाही, आणि ते आपल्याच जिवासाठी चांगलं. त्या रात्री खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर दिवा हिरवा झाला. पुढच्या आठवड्यात मीठ आणि लाकडी कोळसा घालून नवा खड्डा केला. आता तुळशीबरोबर अर्थिंगलाही पाणी घालते. सासूबाईंना ह्याचं फार हसू येतं.

दवाखान्यात चार तास लागतात. त्या चार तासांत मी चंद्रपूर पाहून घेतलं, जे इतकी वर्षं तीस किलोमीटरवर राहून पाहिलं नव्हतं. गोंड राजांचा कोट, जटपुरा दरवाजा, अंचलेश्वराचं देऊळ आणि त्याच्या शेजारी राणी हिराईने नवऱ्यासाठी, बीरशहासाठी, बांधवलेली समाधी. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेल्या इमारतीचं कौतुक जगभर होतं, बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही इमारत चंद्रपूरच्या बाहेर कितीजणींना ठाऊक असेल?

एक दिवस दुर्गापूरच्या बाजूने वीज केंद्राकडे गेले. १९८३ पासून हे केंद्र वीज करतं आहे. जुने दोन संच बंद झाल्यावर आज त्याची शक्ती २,९२० मेगावॅट आहे. चिमण्या कितीतरी दुरून दिसतात. मोटार बाजूला उभी करून मी मनाशी हिशेब केला. एका युनिटाला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे माझ्या महिन्याच्या शंभर युनिटांना सत्तर किलो. सासूबाई पूर्वी शेगडीवर सास्तीचाच कोळसा जाळायच्या. तोच कोळसा आता मी मोटारीत जाळते, फक्त धूर माझ्या डोळ्यांत न जाता दुर्गापूरच्या बायकांच्या छपरांवर जातो. चंद्रपूरचं नाव २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित ठिकाणांच्या यादीत आलं होतं. ह्यांनी आणखी एक आकडा मांडून दाखवला. कोळशाच्या एका युनिटामागे जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलच्या एका लिटरमागे दोन किलो तीनशे ग्रॅम. सात आणि अठरा किलोमीटरने भागलं तर दोन्ही जवळपास बरोबरीत! देशाच्या तारांमधून पाण्याची, वाऱ्याची, उन्हाची वीजही येते, तेवढा फरक पडतो. पण आमच्या गाडीच्या पाठीवर हिरवं पान रंगवलं आहे ते पाहून मला जरा संकोचच वाटतो.

पावसाळ्याची काळजी निराळी. वर्धेला पूर आला की राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद होतो. २०२२ च्या जुलैत तसंच झालं होतं. गडचांदूर-भोयगावकडून फिरून जाता येतं, पण तो रस्ता लांबचा आणि पूर मोठा असला तर तिथला पूलही जातो. म्हणून जून ते सप्टेंबर गाडी रोज पूर्ण भरून ठेवायची असा नियम केला आहे. जोराचा पाऊस सांगितला असेल तर आदल्या दिवशीच निघून चंद्रपूरला नणंदेकडे मुक्काम करतो. नागपूर मात्र एका दमात झेपत नाही, वाटेत भरावी लागते, आणि रस्त्यावरच्या चार्जरचा भाव घरच्यापेक्षा चढा असतो.

सध्या गच्चीवर सौर पाट्या बसवायचं घाटतं आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. तेवढ्या पाट्या महिन्याला तीनशेच्या पुढे युनिटं देतात. ऊन तर आमच्याकडे मागाल तेवढं! त्यात घर आणि गाडी दोन्ही बसतात, आणि मे महिन्यातली ती तिसरी पायरी टळते. बाकी कर्जाचं, हप्त्याचं ह्यांनी पाहिलं. मी वायरमनला एवढंच विचारलं की ह्या धुळीत पाट्यांचं काय. तो म्हणाला, "दर आठ दिसानं पुसा लागते वैनी, नाही तं कोळशाचा थर बसते." गच्चीवर नळ नाही. तेव्हा आधी नळ, मग पाट्या, असं ठरलं आहे. प्लंबर रविवारी येतो म्हणाला आहे.