मितोचे दोन पक्ष




जपानमधील शोगुनशाहीच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या राजवटीच्या, अखेरच्या वर्षांतील सामुराईंचे तट म्हणजे शोगुनचे पक्षपाती विरुद्ध सम्राटाचे पक्षपाती, अशी सरळ वाटणी आपल्या पत्रात केलेली आहे. ती सर्वस्वी चुकीची नसली, तरी मितो या एकाच ‘हान’चा, म्हणजे सरदारी संस्थानाचा, इतिहास पाहिला की ती टिकत नाही. मितोचे घराणे शोगुनच्या तोकुगावा कुळाचीच शाखा होते. तरीही ‘सोन्नो जोई’, म्हणजे सम्राटाचा मान राखा आणि परकीयांना हुसकावा, या विचाराला बळ मिळाले ते तेथील विद्वानांकडून. परदेशांशी तह करणारा शोगुनचा मुख्य कारभारी ई नाओसुके याला १८६० च्या मार्चमध्ये एदोच्या साकुरादा वेशीबाहेर ठार करणाऱ्या अठरा जणांपैकी सतरा जण मितोचेच होते.

पुढे हे संस्थान आतूनच दुभंगले. योकोहामा बंदर बंद करावे म्हणून १८६४ साली त्सुकुबा डोंगरावर उठाव करणारा ‘तेंगू’ पक्ष एकीकडे (तेंगू म्हणजे लांब नाकाचे, गर्विष्ठ मानले गेलेले वनभूत, नाव अर्थातच विरोधकांच्या कुचेष्टेतून रूढ झालेले) आणि इचिकावा सान्झाएमोनचा ‘शोसेई’ पक्ष दुसरीकडे, असे या फुटीचे स्वरूप होते. ताकेदा कोउन्साईच्या नेतृत्वाखाली तेंगू क्योतोकडे निघाले ते मितोच्याच घराण्यातील योशिनोबूपाशी दाद मागण्यासाठी. पण त्यांच्यावर चालून आलेल्या फौजेचे नेतृत्व त्याच योशिनोबूकडे होते. बर्फात अडकून शरण आलेल्या या लोकांना त्सुरुगा येथे हेरिंग मासळीच्या कोठारांत, खिडक्या ठोकून बंद केलेल्या अंधारात डांबण्यात आले आणि १८६५ साली त्यांपैकी ३५२ जणांचा शिरच्छेद झाला. मितोमध्ये शोसेईंनी कोउन्साईच्या बायकामुलांनाही सोडले नाही. तत्त्वाचा वाद केव्हाच मागे पडून उरले होते ते निव्वळ वैर.

१८६८ मध्ये सत्ता पालटताच वाचलेल्या तेंगूंनी सूड उगवला आणि मितोच्या कोदोकान या विद्यालयातच दोन्ही पक्षांची लढाई जुंपली. सात्सुमा आणि चोशू या संस्थानांनी मात्र १८६४ साली क्योतोत एकमेकांचे रक्त सांडूनही १८६६ मध्ये गुप्त करार केला. मितोला घरातल्या घरातही तो शहाणपणा साधला नाही. परिणामी नव्या राजवटीतील मोक्याच्या जागा त्या दोन संस्थानांकडे गेल्या आणि मूळ विचार देणाऱ्या मितोच्या वाट्याला जवळजवळ काहीच आले नाही. इचिकावाला १८६९ साली देहदंड झाला. १८७१ मध्ये संस्थानेच खालसा झाली.