यंत्राचे वकीलपत्र

वकिलाने नाटक-सिनेमा पाहावयास जाऊ नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत आहे. पडद्यावर न्यायालय दिसू लागले की मी खुर्चीत ताठ बसतो, साक्षीदाराला असा प्रश्न विचारता येत नाही म्हणून पुटपुटतो. आणि इतर मंडळी नायिकेच्या अश्रूंत बुडालेली असताना माझे लक्ष न्यायाधीशाने पुरावा नोंदवून घेतला की नाही, याकडे असते. अशा माणसाला चोविसाव्या शतकातील अंतराळात भरलेले एक न्यायालय आवडावे, हे नवलच होय. परंतु ते आवडले खरे.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेतील ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा तो भाग. तो १९८९ साली दाखविला गेला. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास यांनी लेखनाकडे वळण्यापूर्वी कायद्याचे शिक्षण घेऊन काही वर्षे वकिली केली होती, आणि ते प्रत्येक प्रसंगात जाणवते. कथानक थोडक्यात असे. डेटा नावाचा मानवाकृती यंत्रपुरुष अंतराळ-नौदलात अधिकारी आहे. मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला त्याचे भाग सुटे करून, आतील रचना समजून घेऊन, तशीच शेकडो यंत्रे बनवावयाची आहेत. डेटा नकार देतो आणि सरळ राजीनामा लिहितो. मॅडॉक्स म्हणतो, राजीनामा माणूस देतो. जहाजावरील गणकयंत्राने दुरुस्तीस नकार दिला, तर तो कोणी चालवून घेईल काय? न्यायाधीश बाई फिलिपा लूव्हॉ प्रथम कागदपत्रे चाळून मॅडॉक्सच्या बाजूने कौल देतात. त्याला आधार एकविसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या एका कल्पित कायद्याचा. म्हणजे आपल्याच काळातला! आपण आज काय लिहून ठेवतो याचा हिशेब पुढे कोण कोणाकडे मागेल, सांगता येत नाही.

जहाजाचा कप्तान पिकार्ड या कौलाला आव्हान देतो आणि रीतसर सुनावणी लागते. येथे व्यवसायातील माणसाचे कपाळ आठ्यांनी भरून जावे, अशी व्यवस्था आहे. न्यायालय नवे, कचेरीत माणसे नाहीत. म्हणून बचाव स्वतः कप्तानाने करावयाचा आणि विरुद्ध बाजू त्याच्याच हाताखालच्या रायकर नामक अधिकाऱ्याने मांडावयाची. हा रायकर डेटाचा जिवलग मित्र. त्याने मनापासून काम केले नाही, तर सुनावणीच होणार नाही आणि पहिला कौल कायम राहील, असा बाईंचा दम. शिवाय न्यायाधीश आणि कप्तान यांचे पूर्वीचे संबंध असे, की आपल्याकडे पहिल्याच तारखेला दावा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करण्याचा अर्ज पडला असता.

तथापि मी हे दोष फारसे मनावर घेत नाही. कोकणातील आणि गोव्यातील लहान तालुका-न्यायालये ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना माणसांच्या टंचाईत चाललेला न्याय अपरिचित नाही. रायकरचे कामही उत्तम झाले आहे. तो डेटाचा हात उलगडून न्यायासनापुढे ठेवतो आणि शेवटी पाठीवरील कळ दाबून मित्राला निश्चेष्ट करतो. आदल्या रात्री ही कळ आराखड्यात सापडली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर प्रथम विजयाचे हसू उमटते आणि दुसऱ्याच क्षणी ते विझते. विरुद्ध पक्षाचे वर्म हाती लागल्याचा तो आनंद आणि त्यामागून येणारी ती खंत ज्या वकिलाने अनुभवली नाही, त्याने वकिली केली असे मी म्हणणार नाही.

मला खटकते ते वेगळेच. पिकार्ड डेटाची पदके दाखवितो, दासांच्या नव्या जमातीची भीती घालतो, मॅडॉक्सची प्रभावी उलटतपासणी घेतो. पण सर्वांत बळकट मुद्दा त्याच्या हातून निसटतो. डेटाने नौदलाच्या विद्यालयात प्रवेश मागितला, तेव्हा त्याच्या अर्जाचा विचार करणाऱ्या समितीत हाच मॅडॉक्स होता. डेटा सचेतन नाही म्हणून विरोध करणारा तो एकटा सभासद, आणि त्याचे म्हणणे तेव्हा मान्य झाले नव्हते. ज्याला विद्यार्थी म्हणून घेतले, हुद्दा दिला, पदके दिली, त्याला इतक्या वर्षांनी मालमत्ता म्हणता येणार नाही. एकदा स्वीकारलेल्या भूमिकेचा प्रतिबंध नौदलाला बाधतो. एवढ्या एका मुद्द्यावर मी सुनावणी दुपारच्या सुट्टीपूर्वी आटोपली असती. अर्थात मग नाटक उरले नसते.

जी वस्तू आहे की व्यक्ती, असा वाद आहे, तिच्या स्थलांतरावरून न्यायालयात जाण्याचा प्रसंग आपल्या वाचकांना परका वाटू नये. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात कुलदेवतेच्या पूजेच्या पाळ्या होत्या, आणि आपल्या पाळीत मूर्ती आपल्या घरी नेता येते काय, यावर वाद पेटला. १९२५ साली तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मूर्ती ही केवळ हलविता येण्याजोगी चीजवस्तू नव्हे, ती कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. तिने कोठे राहावे याविषयी तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे. आणि ती इच्छा मांडण्यासाठी न्यायालयाने कोणी निःस्वार्थी वादमित्र नेमावा, असा तो निर्णय. डेटाच्या सहा दशके आधी!

अशा वादमित्राला मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या दाव्यात महाजनांचे दोन तट पडले होते. जीर्णोद्धाराच्या वेळी उत्सवमूर्ती हलविली होती, ती परत आणावी की नव्या सभागृहात ठेवावी, एवढाच प्रश्न. पण एकाच देवाच्या नावाने दोन वकीलपत्रे दाखल झाली होती. देव दोन्हींत वादी. न्यायालयाने गावातील एका निवृत्त शाळामास्तरांना वादमित्र नेमले. त्यांनी कोणत्याही तटाकडे चहा घेतला नाही. तीन दिवस पहाटेपासून देवळात बसून काकडआरती, नैवेद्य, शेजारती यांच्या वेळा वहीत उतरविल्या. मूर्ती कोणत्या वेळी कोठे असावयास हवी, याचा तक्ता तयार केला आणि तो कोर्टापुढे ठेवला. उलटतपासणीत माझ्या प्रतिस्पर्ध्याने विचारले, “देवाची इच्छा तुम्हाला कशी कळली?” मास्तर म्हणाले, “इच्छा मला कळत नाही. वेळापत्रक कळते.”

डेटाला वादमित्र लागत नाही, कारण तो स्वतः बोलतो. परंतु बोलणे म्हणजे इच्छा असणे नव्हे, हे आता आपणांस रोज दिसते. यंत्रे अस्खलित मराठीत नोटिसा लिहून देतात. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी यंत्राने रचलेले, कधीच न झालेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. दंड यंत्राला झाला नाही. आणि ते योग्यच झाले. त्याच वर्षी इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने, पेटंटसाठी संशोधक हा व्यक्तीच असला पाहिजे, यंत्र नव्हे, असे ठरविले. देवाला व्यक्ती मानताना आपल्या कायद्याने त्याच्या मालमत्तेचा हिशेब देणारा माणूस शेजारी उभा केला आहे. यंत्राला व्यक्ती मानण्याची घाई ज्यांना झाली आहे, त्यांनी असा जबाबदार माणूस कोण, ते आधी सांगावे. यंत्राच्या अंगरख्याआड मालकाने लपावे, हे मला मान्य नाही.

लूव्हॉ बाईंचा अंतिम निकाल मला आवडतो, तो त्याच्या आखूडपणामुळे. डेटाला आत्मा आहे काय, हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्या स्वच्छ सांगतात. तो नौदलाची मालमत्ता नाही आणि त्याला निवड करण्याचा अधिकार आहे, एवढेच ठरवून त्या थांबतात. आवश्यक तेवढेच ठरविणारा न्यायाधीश हा नाटकात विरळा आणि प्रत्यक्षातही फार सुलभ नव्हे.

याच कुळातील ‘व्हॉयेजर’ मालिकेत २००१ साली निकाल आणखी आखूड झाला. तेथे प्रकाशाच्या प्रतिमेने घडलेला एक वैद्य कादंबरी रचतो, आणि त्याला काही अधिकारच नाहीत म्हणून प्रकाशक ती परस्पर प्रसिद्ध करतो. न्यायालय त्याला व्यक्ती म्हणण्याचे नाकारते, मात्र ‘कलावंत’ या शब्दाची व्याख्या ताणून त्यात त्याला बसविते. वैद्य जिंकतो. पण निकाल पक्षकारांपुरता असतो. काही महिन्यांनंतरचे शेवटचे दृश्य एका खाणीचे आहे. त्याच वैद्याच्या चेहऱ्याच्या अनेक प्रतिमा तेथे खनिज फोडीत आहेत, आणि काम करता करता एक जण दुसऱ्याला हलक्या आवाजात ती कादंबरी पाहावयास सांगतो.