सातजणींची यादी

परवा नातीचा फोन आला. अमेरिकेत विद्यापीठात शिकते, व्हायोलिन वाजवते. "आजी, मला सिग्मा अल्फा आयोटात घेतलं! संगीत शिकणाऱ्या मुलींची फ्रॅटर्निटी आहे."

मी पडले मराठीची बाई! म्हटलं, "अगं, लॅटिनमध्ये फ्रॅटर म्हणजे भाऊ. आपला भ्राता आणि तो एकाच मुळातले. मुलींची कसली फ्रॅटर्निटी?" ती हसली. म्हणाली, "इतिहास वाच ना."

वाचला. १८९८ साली बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत 'सिन्फोनिया' निघाली, ती पुरुषांपुरती. १२ जून १९०३ रोजी ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाशी जोडलेल्या संगीतशाळेत, सातजणींनी ही सिग्मा अल्फा आयोटा काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिनसिनाटीला म्यू फाय एप्सिलॉन निघाली, १९०९ मध्ये तिथेच डेल्टा ओमिक्रॉन. देशभर बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९२० साली, म्हणजे त्याआधीच हे सगळं!

त्या सातजणींची नावं आजही नोंदलेली आहेत. एलिझाबेथ कॅम्पबेल, जॉर्जिना पॉट्स, मिनी डेव्हिस शेरिल... काहींना दोन-दोन आडनावं. तिथे मी अडकले.

१९७० च्या सुमारास कृष्णाकाठच्या आमच्या कॉलेजात आम्हीही पाचजणी होतो. गॅदरिंगची गाणी आम्ही बसवायचो. पेटीवर मी, तबल्यावर आमच्यातलीच एक. मुलगी तबला वाजवते म्हणून लोक मुद्दाम बघायला यायचे. मुलांच्या नाट्यमंडळाला खोली होती, हिशेबाची वही होती, भिंतीवर फोटो होते. आम्हाला साधं नावही नव्हतं. ठेवावं असं आम्हालाही कधी सुचलं नाही. बी.ए. झालं, लग्नं झाली, आडनावं बदलली, दोघींची तर सासरी पहिली नावंही बदलली. आता शोधायचं ठरवलं, तर कोणत्या नावानं शोधू?

नातीला फोन करून सांगितलं, "शब्दाचं राहू दे गं. तुझं नाव तिथल्या वहीत नीट लिहिलंय ना, तेवढं बघ."

काल मीही एक वही काढली. पाचजणींची माहेरची नावं लिहायला बसले. चार आठवली. तबलेवालीचं आडनाव काही केल्या आठवेना. तिची जागा कोरी ठेवली आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची आई, आजी त्या काळी तबला वाजवत असे का? विचारून बघा बरं. आणि मला जरूर कळवा.