पंधरा दिवसांचा पाहुणा

"फक्त पंधरा दिवस हो!" असं म्हणून आमच्या हिने शेल्टरमधलं एक पिल्लू घरी आणलं. त्या पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. पाहुण्यांच्या बाबतीत हा हिशेब आमच्याकडे नवा नाही. फक्त या पाहुण्याने चहा न मागता माझी एक चप्पल खाल्ली.

आमचं काम त्याला सांभाळायचं आणि कायमचं घर बघून द्यायचं. थोडक्यात, स्थळं बघायची! पहिल्या स्थळाने फोनवरच विचारलं, "जात कोणती?"

"गावठी," मी म्हणालो. फोन बंद. जंताचं औषध वेळेवर दिलेलं, तीन महिन्यांचं होताच रेबीजची लस टोचलेली. पण पत्रिका बघतो कोण? दुसरं स्थळ त्याला राखणीसाठी रात्रभर बाल्कनीत बांधणार होतं. "कळवतो," मी म्हणालो. 'कळवतो' म्हणायची संधी मुलीच्या बापाला एरवी कुठे मिळते!

तिसऱ्या आल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी एवढंच विचारलं, "रात्री रडतो का हो?"

"सुरुवातीला रडायचा."

"रडू दे. हे गेल्यापासून मीही जागीच असते."

रविवारी तो त्यांच्या मांडीवर बसून रिक्षाने गेला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. कृतघ्न! संध्याकाळी ही भाजी चिरताना डोळे पुसत होती. कांदा नव्हता, भेंडी होती.

सोमवारी शेल्टरचा फोन आला. "आणखी एक आहे. फक्त पंधरा दिवस."

"मुळीच नाही!" मी हिला ठणकावून सांगितलं, आणि नव्या चपला उचलून कपाटावर ठेवल्या.