संगणकाच्या पोटातलं पाणी

पुण्याच्या ‘आयसर’मध्ये 2019 साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक सुरू झाला. सी-डॅकच्या या यंत्राची वैशिष्ट्यं सांगताना त्याच्या कूलिंगचा उल्लेख हमखास होतो, कारण तापलेल्या चिपांची उष्णता वाहून नेण्याचं काम तिथे द्रवाकडे सोपवलं आहे. त्यामागचं गणित सोपं आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाणी सुमारे 3,500 पट उष्णता पोटात घेतं.

तीच युक्ती आता घरातल्या कॅबिनेटमध्ये आली आहे. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या किन्हवलीसारख्या गावातही लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला किंवा मोठे गेम खेळणाऱ्याला ती हवीशी वाटते. फरक राखणीचा आहे. महासंगणकाच्या दालनात लक्ष ठेवायला माणसं नेमलेली असतात. घरात टेबलाखाली ठेवलेल्या यंत्राची राखण एकट्या मालकाला करावी लागते आणि गळती म्हणजे काय, हे विकत घेताना त्याला सहसा कुणी सांगत नाही.

गळती मोठ्या कंपन्यांनाही चुकलेली नाही. अ‍ॅपलने 2004 साली 2.5 गिगाहर्ट्झचा पॉवर मॅक जी-5 बाजारात आणला, तो द्रवाने गार होणारा होता. पुढे यातल्या अनेक यंत्रांतून कूलंट झिरपलं, तळाच्या पॉवर सप्लायपर्यंत पोचलं आणि महागडी यंत्रं निकामी झाली. कारखान्यात बंद करून आलेली यंत्रणा कधीच गळणार नाही, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता.

किन्हवलीत या प्रश्नाला उन्हाळ्याची जोड मिळते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि लग्नसराईमुळे एडिटिंगचं कामही तेव्हाच शिगेला असतं. भरपूर काम चालू असताना नळ्यांतलं पाणी खोलीपेक्षा 10 ते 15 अंशांनी गरम राहतं. म्हणजे पत्र्याखालच्या खोलीत ते सहज 55 अंशांवर जातं. दिसायला देखण्या, काचेसारख्या पारदर्शक पीईटीजी नळ्या 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, फिटिंगमधली त्यांची पकड सुटते आणि पाणी बाहेर येतं. पंपालाही एवढं गरम पाणी मानवत नाही. म्हणून इथे काळी, लवचीक ईपीडीएम रबराची नळीच योग्य. ती शोभेची नाही, पण उन्हाळा सोसते.

गळतीची जागा बहुधा सांधा हीच असते. पितळी फिटिंगच्या बुडाशी रबराची बारीक रिंग असते, सगळी मदार तिच्यावर. घरच्या नळाला गुंडाळतात तशी सुतळी-सफेदा किंवा टेफ्लॉन टेप इथे लावू नये. या फिटिंगची आटी सरळ असते. पाणी आटीने अडत नाही, दाबल्या गेलेल्या रिंगने अडतं; टेपमुळे रिंग नीट बसतच नाही. फिटिंग हाताने घट्ट करायचं आणि वर अगदी थोडा पीळ द्यायचा. पान्याने जोर लावला की प्रोसेसरवर बसणाऱ्या ब्लॉकच्या अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाला केसाएवढी चीर जाते.

दुसरं कारण धातूंचं. प्रोसेसरवरचा ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा असेल, तर पाण्यातून दोघांची जणू बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम गंजत जातं. काही महिन्यांनी त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. त्यात बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी भरलं तर विचारायलाच नको. आरओचं पाणीही पुरेसं शुद्ध नसतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंजरोधक व शेवाळरोधक द्रव, एवढं तरी हवंच.

गळती अचानक होते असं वाटतं, पण तिची चाहूल आधीच लागते. फिटिंगभोवती हिरवट किंवा पांढरी पूड जमते, नळीखाली चिकट डाग पडतो. टाकीतली पातळीही थोडी उतरते. नळीच्या रबरातून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर जात असल्याने महिन्याकाठी पातळी किंचित घटणं स्वाभाविक आहे. टाकीवर मार्करने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. आठवडाभरात पाणी रेघेखाली ठळकपणे उतरलं तर ते कुठेतरी सांडतं आहे. पावसाळ्यात नळीवर थेंब दिसला की ‘दमट हवेचं दव असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. दव मात्र खोलीपेक्षा गार वस्तूवर धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसं. या नळ्यांतलं पाणी खोलीपेक्षा कधीच गार नसतं. जुलैतला तो थेंब गळतीचाच.

थेंब दिसला तर पहिलं काम भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढण्याचं. विंडोजमधून ‘शट डाउन’ करून भागत नाही, कारण त्यानंतरही मदरबोर्डवर 5 व्होल्टचा पुरवठा चालू असतो. ओल्या बोर्डावर त्या एवढ्याशा व्होल्टेजनेही तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. घरातलं वीजगळती ओळखणारं आरसीसीबी पडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. पाणी कमी व्होल्टेजच्या बाजूला सांडलं असेल तर त्याला पत्ताच लागत नाही. मग ग्राफिक्स कार्ड उतरवावं. ते ब्लॉकच्या खालीच असल्याने पहिला थेंब बहुधा त्याच्यावर पडतो. बोर्डावरचा नाण्यासारखा सेलही काढावा.

पुढची चूक वाळवताना होते. हा भाताचा मुलूख, त्यामुळे भिजलेला मोबाइल तांदळात पुरायची सवय संगणकाच्या कार्डालाही लावली जाते. तांदूळ कूलंटमधले क्षार आणि ग्लायकॉल ओढून घेत नाही, उलट खाचांत कोंडा सोडतो. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने भाग धुवावा, मग टेबलफॅनपुढे दोन दिवस ठेवावा. हेअर ड्रायरची गरम हवा पाणी चिपांखाली ढकलते. पॉवर सप्लायमध्ये पाणी गेलं असेल तर तो उघडू नये, आत जीवघेणा विद्युतदाब साठलेला असतो. तो बदलावा.

दुरुस्तीनंतर लगेच संगणक चालू करू नये. पॉवर सप्लायचे पंपाखेरीज बाकी सगळे जोड बोर्डापासून आणि इतर भागांपासून सोडवून 24 पिनांच्या जोडावर जंपर लावला की बोर्डाला वीज न देता फक्त पंप फिरवता येतो. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून पंप 24 तास चालू ठेवावा. टिश्यूवर ओलसर वर्तुळ दिसलं की नेमका सांधा सापडतो. कारखान्यातून बंद होऊन आलेल्या संचात मात्र सांधा उघडण्याच्या भानगडीत पडू नये. काही कंपन्या गळतीने झालेल्या इतर भागांच्या नुकसानीचीही भरपाई देतात, पण संच उघडला की तो हक्क जातो. बिल आणि ओल्या भागाचे फोटो जपून ठेवावेत.

माझं मत विचाराल तर किन्हवलीतल्या बहुतेकांना दोन पंख्यांचा मोठा एअर कूलर पुरतो. दिवसदिवस रेंडरिंग चालणाऱ्यांनी पाण्याकडे वळावं. पण मार्चमध्ये, लग्नसराईच्या आधी, जुनं पाणी काढून रिंगा बदलाव्यात. आणि शहापूर-मुरबाडच्या दुरुस्तीवाल्यांनी या रिंगांचं एक पाकीट आणि आयसोप्रोपिलची एक बाटली दुकानात कायम ठेवावी. थेंब पडल्यावर कल्याणहून सामान येईपर्यंत बोर्ड ओला राहणं परवडत नाही.