आभाळावरचे डाग

आमच्या घरातील पहिला कॅमेरा रोलचा होता. छत्तीस छायाचित्रांचा एक रोल दोन-दोन महिने पुरवायचा, तो धुऊन येईपर्यंत वाट पाहायची आणि मग सारे कुटुंब ओटीवर बसून एकेक फोटो हातोहात फिरवायचे, असा तो काळ. पुढे निवृत्तीनंतर मी डिजिटल कॅमेरा घेतला. वसईच्या आमच्या परिसरातील नात्यागोत्याची लग्ने, बारशी, वाढदिवस यांचे फोटो काढणे हा माझा विरंगुळा होऊन बसला. आज जी गोष्ट सांगणार आहे ती या कॅमेऱ्याच्या साफसफाईची आहे. तिच्यात माझी थोडी नाचक्कीही आहे. पण ती वगळून सांगितली तर गोष्टीत काही उरणार नाही.

गेल्या जानेवारीच्या मध्यास माझा पुतण्या कॅमेरा मागायला आला. कॉलेजच्या मित्रांबरोबर तो अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाणार होता. मी जरा नाखुशीनेच दिला. दोन दिवसांनी त्याने कॅमेरा परत आणला आणि मोठ्या उत्साहाने संगणकावर फोटो दाखवू लागला. समुद्र, होड्या, पलीकडचा किल्ला, वर निरभ्र आभाळ. त्या आभाळात मला काळपट ठिपके दिसले. एक, दोन, तीन... मोजून सात. प्रत्येक फोटोत त्याच जागी तेच सात ठिपके!

"वाळू घातलीस ना आत?" मी म्हणालो.

"नाही काका, मी लेन्स काढलीच नव्हती," तो म्हणाला.

मी ऐकून घेतले नाही. त्याचे आईवडील समोर बसलेले असताना, त्याला वस्तूची किंमत कळत नाही, इथपासून ते आजकालच्या मुलांच्या बेफिकिरीपर्यंत मी बोलत सुटलो. तो उठला, कॅमेऱ्याचा पट्टा नीट गुंडाळून मेजावर ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर महिनाभर त्याने आमच्या घराचा उंबरठा ओलांडला नाही.

फेब्रुवारीत एका भाचीचे लग्न होते. दुरुस्तीसाठी कॅमेरा मुंबईला द्यावा तर तो वेळेत परत मिळेना. म्हणून मी स्वतःच सफाई करायचे ठरवले. त्यासाठी आधी माहिती वाचली आणि वाचता वाचता एकेक गोष्ट उमजू लागली.

रोलच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रासाठी फिल्मचा नवा तुकडा पुढे सरकत असे. एखादा धूलिकण बसलाच तर बहुधा तो फिल्मबरोबर पुढे निघून जाई. डिजिटल कॅमेऱ्यात तसे नाही. तेथे एकच सेन्सर जन्मभर प्रत्येक चित्र झेलत असतो. त्याच्यावर जे बसेल ते पुढच्या प्रत्येक चित्रात उतरते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २४ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच, म्हणजे टपालाच्या लहानशा तिकिटाएवढा. त्यात प्रकाश टिपणारी २ कोटी ४० लाख घरे. एकेक घर सुमारे ४ मायक्रॉनचे. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशी पंधरा-वीस घरे सहज झाकली जातात.

धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर बसत नाही. त्याच्या पुढे बसवलेल्या पातळ काचेवर बसते. सफाई करायची ती या काचेची. ही काच थरथरवून धूळ झटकण्याची सोय २००३ साली ऑलिम्पसच्या ई-१ या कॅमेऱ्यात आली आणि पुढे इतरांनीही ती स्वीकारली. माझ्याही कॅमेऱ्यात ती आहे. पण दमट हवेत चिकटून बसलेला कण नुसत्या थरथरीने सुटत नाही.

एका सकाळी मी खोलीची दारे-खिडक्या लावली, पंखा बंद केला, मेज ओल्या फडक्याने पुसले. घामाचा थेंब आत पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधला. ते ध्यान पाहून पत्नी म्हणाली, "ऑपरेशनला निघालात की काय?" खरे तर माझे हात तसेच थरथरत होते.

प्रथम परीक्षा. लेन्सचे छिद्र अगदी लहान, म्हणजे एफ-२२ वर ठेवून, मुद्दाम अस्पष्ट करून पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला. सातही ठिपके हजर. मग छिद्र मोठे करून, एफ-४ वर, पुन्हा तोच फोटो घेतला. ठिपके जवळजवळ नाहीसे! कारण साधे आहे. खोलीत चारी बाजूंनी दिवे असले की हाताची सावली भिंतीवर फिकट पडते, आणि एकच लहान दिवा असला की ठसठशीत पडते. छिद्र मोठे असता प्रकाश अनेक दिशांनी येतो आणि धुळीची सावली विरून जाते. लहान असता ती उमटून दिसते.

मी थबकलो. मांडवात आणि चर्चमध्ये उजेड कमी, म्हणून मी नेहमी मोठ्या छिद्रावर फोटो काढत आलो होतो. पुतण्याने समुद्रकाठच्या लख्ख उन्हात लहान छिद्रावर काढले होते. डाग त्याने केले नव्हते कदाचित. त्याने ते फक्त दाखवले होते.

सफाई तशीच ठेवून मी संगणक उघडला. प्रत्येक फोटोबरोबर त्याची तारीख आणि छिद्राचा आकडा नोंदलेला असतो. नोव्हेंबरातील एका फोटोत, एफ-१६ वर, आभाळ स्वच्छ होते. २९ डिसेंबरच्या फोटोत, त्याच छिद्रावर, नारळाच्या झावळ्यांमधून डोकावणारे तेच ठिपके होते. पुतण्याने कॅमेरा नेला तो त्यानंतर पंधरवड्याने. आणि २८ डिसेंबरला काय होते? एक लग्न. वऱ्हाडी अंगणात नाचत होते, धूळ उडत होती, आणि घाईघाईने लेन्स बदलण्यासाठी उघडा कॅमेरा हाती धरून मीच त्या धुळीत उभा होतो. कुसळ आणि मुसळ ही म्हण मी शाळेत किती वेळा शिकवली असेन! पण आपल्यावर वेळ आली की शिकवलेले आठवत नाही.

मग काम पुरे केले. बॅटरी पूर्ण भरलेली होती. ती मध्येच संपली तर वर उचललेला आरसा खाली येतो आणि इजा होते. मेनूतील सफाईची सूचना देऊन आरसा वर केला, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरले आणि रबरी फुग्याने आत हवा मारली. तोंडाने फुंकर घालायची नाही. थुंकीचे बारीक शिंतोडे उडतात. दाबलेल्या हवेचा डबाही वापरायचा नाही; त्यातील द्रव काचेवर पडू शकतो. पुन्हा भिंतीचा फोटो घेतला. सातांतील चार ठिपके गेले होते.

उरलेल्या तिघांसाठी १६ मिलिमीटर रुंदीची, खास या कामासाठी बनवलेली पट्टी घेतली. तिच्या कडेवर मिथेनॉलयुक्त द्रावणाचे दोन थेंब टाकले. हे द्रावण विषारी आणि ज्वालाग्राही, म्हणून स्वयंपाकघरापासून दूर. एकदा डावीकडून उजवीकडे, मग पट्टीची दुसरी बाजू करून उलट; दाब अगदी हलका. वापरलेली पट्टी पुन्हा वापरायची नाही. एक खूण ध्यानात ठेवावी: चित्रात वर दिसणारा डाग समोरून पाहता सेन्सरच्या खालच्या भागात असतो, डावे-उजवे मात्र बदलत नाही. दोन ठिपके गेले. एक कोपऱ्यात राहिला. आणखी एकदा पुसण्याचा मोह झाला. पण अति घासण्याने काचेवर ओरखडा पडला तर तो जन्माचा. मी थांबलो.

संध्याकाळी थोरल्या भावाकडे गेलो. पुतण्या ओटीवर बसला होता. मला पाहून उभा राहिला. ज्यांच्यासमोर त्याला बोललो होतो त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "चूक माझी होती. तू खरे सांगितलेस, मी ऐकले नाही."

तो काही क्षण गप्प राहिला. मग त्याने विचारले, "काका, डाग गेले का?"

"सहा गेले. एक आहे अजून."

"मग तो राहू द्या," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

भाचीच्या लग्नाचे फोटो आम्ही दोघांनी मिळून काढले. लेन्स बदलायची वेळ आली तेव्हा तो मला हाताला धरून घरात घेऊन गेला, दार लावले आणि म्हणाला, "आता बदला."