खोडलेलं वाक्य

रात्रीचे साडेअकरा. बाबांवरचा लेख संपवला, पण झोप येईना. मसुद्यातलं एक वाक्य मी खोडलंय. शेवटच्या आजारपणात एका रात्री मी त्यांच्यावर ओरडलो होतो, ते. त्याच्याविना लेख छान वाटतो, आणि तेच खुपतंय.

दुपारी आगरकरांचं ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ पुन्हा हाती घेतलं होतं. १८८२ साल. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ थांबावा या तळमळीने टिळक-आगरकरांनी दिवाणांवर लिहिलं. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. माफी मागूनही तुरुंग चुकला नाही. हेतू इतका निर्मळ, तरी मजकूर खोटाच! आज मनासारखा मजकूर दिसला की आपण शहानिशा न करता पुढे पाठवतो, तेव्हा आपलाही हेतू चांगलाच असतो की.

आगरकर मला धीर देतात ते मात्र पुढच्या वर्षांमुळे. टिळकांशी मतं जुळेनात तेव्हा त्यांनी ‘केसरी’ सोडला, १८८८मध्ये ‘सुधारक’ काढला. पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर पोखरलेलं. १८९५ साली, अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले. पण लोकांना रुचेल असं लिहायला काही ते तयार झाले नाहीत.

आणि मला घरातल्या चार माणसांची भीती वाटते. ताई वाचेल, तिला काय वाटेल?

वाक्य परत घातलं. बाबा त्या रात्री फक्त पाणी मागत होते. तेही लिहिलं.